पांढऱ्या डोळ्यांची चिलटं

भाऊ भरतीच्या मेडिकलमध्ये पहिल्यांदा नापास झाला तेव्हा त्यानं घरी फोन केला नाही, मला केला. मी साताऱ्याला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, एका हातात चिलटांची बाटली आणि दुसऱ्या हातात तिचा कापसाचा बोळा धरून उभी. फोन खांद्यानं कानाशी दाबलेला. "आक्का, मला काडलं," एवढंच म्हणाला.

"कशात? छाती कमी पडली?"

"न्हाई. डोळ्यांत. ठिपक्यांचं पुस्तक असतंय बग, त्यातलं आकडं दिसलं न्हाईत."

"अरे मग चष्मा लागला असंल. त्यात काय एवढं?"

"तसं न्हवं गं. ठिपकं दिसत्यात की. आकडं दिसत न्हाईत. माज्या म्होरची, मागची, सगळी पोरं घडाघडा वाचत हुती. मला वाटलं, ही माजी थट्टा करत्यात काय."

त्यावर मी काय बोलले ते आठवत नाही. हात ढिला पडला, बाटली कलली आणि अर्धी चिलटं उडून गेली. मॅडम ओरडल्या. मी रडत होते आणि त्यांना वाटलं, मी चिलटांसाठी रडतेय.

मला लगेच कळलं होतं, म्हणून रडत होते. एम.एस्सी.ला प्राणिशास्त्र घेतलेल्या कुठल्याही पोरीला कळलं असतं. त्या पुस्तकात पानभर हिरवे ठिपके असतात आणि त्यांच्यात लाल ठिपक्यांचा आकडा दडवलेला असतो. ज्याला लाल आणि हिरवं वेगळं ओळखता येतं त्याला आकडा दिसतो, ज्याला येत नाही त्याला नुसते ठिपके. हे जन्मापासूनचं असतं. औषध नाही, ऑपरेशन नाही, चष्मा नाही. आणि त्याची वयाची अट संपायला एकच भरती उरली होती.

आमचं गाव वडूजपासून आत. तिथं पोरगं चालायला लागलं की बघणारे त्याची छाती बघतात. आजोबा फौजेत, आबा फौजेत, चुलता फौजेत. आबा म्हणजे माझे वडील, हवालदार म्हणून रिटायर झालेले. आमच्या घरात "चहा झाला का" असं कुणी विचारत नाही, आबा स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून "चहाचा काय रिपोर्ट?" म्हणतात. पांघरुणाची घडी चौकोनी नसेल तर ते ती उलगडून परत टाकतात आणि ज्याची असेल त्याला हाक मारतात. मला हसू यायचं. भावाला यायचं नाही.

भाऊ लहान असताना आबा तिकडं वर, बर्फात. सुट्टीला आले की हा आईच्या मागं लपायचा. आबा कायमचे घरी आले तेव्हा तो सातवीत होता, आणि दोघांना एकमेकांशी काय बोलावं तेच कळेना. आबा त्याला "ए" म्हणून हाक मारायचे. नावानं नाही, बाळा नाही, काही नाही. हा जेवायला बसला की ते उठायचे, ते बसले की ह्याला कुठलंतरी काम आठवायचं. मग दहावीत शाळेच्या मैदानावर ह्यानं पळून सगळ्यांना मागं टाकलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी आबा बुटाची लेस बांधून दारात उभे. "चला जवान," म्हणाले. त्या दिवसापासून ह्यांची जी गट्टी जमली ती जमलीच. रस्त्यानं हा पळतोय, मागं सायकलवर आबा, हातात घड्याळ. परत आले की दोघं ओट्यावर बसून भिजवलेले हरभरे खात तासभर बोलत बसायचे. काय बोलायचे? श्वास कुठं सोडायचा, चढाला पाऊल कसं टाकायचं, कुठल्या युनिटात कसलं जेवण. आई आत भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि गालातल्या गालात हसायची.

आता भरती चार वर्षांचीच असते, पुढं ठेवून घेतील न घेतील. पण आबांना ते सांगून उपयोग नाही. "वर्दी अंगावर चडू दे, म्होरचं म्होरं," हे त्यांचं उत्तर. भावाला दुसरं काही करायचंच नव्हतं. बारावीनंतर पोरं कुठं कुठं पांगली, कुणी पुण्याला कंपनीत गेलं, कुणी दुकान टाकलं. हा पळतच राहिला.

तर असा हा मेडिकलला बाद होऊन घरी आला. मीही साताऱ्याहून गेले. वाटलं, निदान नीट समजावून सांगावं. आबा ओट्यावर बसलेले, रागानं लालबुंद. "आमच्या घराण्यात कुणाचा डोळा अदू न्हाई! माजा बाप म्हातारपणी सुईत दोरा ववायचा. ह्या मोबाइलनं घालवलं डोळं ह्याचं."

मी म्हटलं, "आबा, मोबाइलचा काही संबंध नाही. हे जन्मतःच असतं. डोळ्याच्या आत रंग ओळखणारी एक गोष्ट असते, ती त्याला मिळालीच नाही. ते बरं होत नाही."

"तू चिलटं मोज," आबा म्हणाले.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! इतकी वर्षं शिकले, ते काय चुलीत घालायला? पण भाऊ माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की त्यालाही माझं खरं नको होतं, आबांचं हवं होतं. मोबाइलनं गेलेले डोळे परत येऊ शकतात. जन्मतः न मिळालेले कुठून आणणार?

मग उपाय सुरू झाले. गाजरं इतकी आणली की घराला गाजराचा वास मारायला लागला. आबा त्याला सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेले. त्या डॉक्टरीण बाईंनी मी सांगितलं तेच सांगितलं, फक्त खुर्चीत बसून. आबा म्हणाले, "पोरसवदा हाय, तिला काय कळतंय." परत येताना कुणीतरी गाडीत सांगितलं की कडेगावकडं एक जण पानांचा रस डोळ्यांत घालतो, लय लोकांना गुण आलाय. गेले. घातला. दुसऱ्या दिवशी पोराचे डोळे सुजून बंद. मला आईचा फोन आला. ती बोलत नव्हती, नुसती हुंदके देत होती. मी एसटीनं घरी पोहोचले तेव्हा ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन गार पाण्याच्या घड्या ठेवत होती.

मी त्या दिवशी आबांशी आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून भांडले. "आंधळा करून ठेवाल त्याला! आहे ती नजर तरी राहू द्या!"  घाबरले होते आबाही. सूज उतरली, नजर शाबूत राहिली, आमचं नशीब. रस बंद झाला. पण आबांनी हार मानली नव्हती. ते विचार करत होते.

त्यातून जे निघालं ते फक्त फौजी माणसालाच सुचू शकतं. "आमाला डोळं बांदून रायफल खोलाय-जोडाय लावायचं," ते एके सकाळी म्हणाले. "कशासाठी? तर हाताला पाठ पायजे, डोळ्याचं काम न्हाई. मग पुस्तकाला डोळं कशाला लागत्यात?"

भरतीची तयारी करून घेणाऱ्या कुणाकडून तरी त्या ठिपक्यांच्या पुस्तकाचे फोटो मिळवले. आणि कवायत सुरू झाली. मी चांगल्या डोळ्यांची, म्हणून माझी नेमणूक आकडे सांगायला. होय, मी सांगितले. ह्याला कुणी लबाडी म्हणायची तर म्हणू दे. माझा भाऊ कुणाचं काही हिसकावत नव्हता, पळून, घाम गाळून मिळवलेलं ठिपक्यांपायी हातातून चाललं होतं. मी प्रत्येक पान त्याच्यासमोर धरायचे, आकडा सांगायचे, आणि तो त्या पानावरची खूण शोधायचा. ह्या पानावर डाव्या कोपऱ्यात मोठा ठिपका, त्या पानावर खाली दोन चिकटलेले. रंग सोडून बाकी सगळं तो बघायचा. इतकं बारीक मी कधी बघितलं नसतं.

एकदा आम्ही दोघंच होतो. तो पान डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, "आक्का, तुला खरंच हितं आकडा दिसतोय?"

"दिसतोय रे."

"कसा दिसतो?"

मला सांगता येईना. मी बोट फिरवून दाखवलं, असा असा आहे. तो माझ्या बोटाकडं बघत राहिला. "लय सोपं असंल न्हवं तुमाला," म्हणाला, आणि पुढचं पान काढलं.

आबांची शिकवण वेगळी. ते पान दाखवायचे आणि टाचा जुळवून उभं राहिलेल्या भावानं क्षणात, मोठ्या आवाजात उत्तर द्यायचं. "इचार करायचा न्हाई! डोळं बारीक करायचं न्हाईत! तू थांबलास की डॉक्टर वळखणार. पान उगडलं की तोंडातनं आकडा बाहेर!" सकाळी पळून आल्यावर, दुपारी, जेवायच्या आधी. घरात दिवसभर आकडे. आई भाजी निवडता निवडता पुटपुटायची, तिलाही पाठ झाले होते. भाऊ चुकला की आबा परत पहिल्या पानावर. हळूहळू तो चुकेनासा झाला. आबांच्या चेहऱ्यावर कळा आली. परत ओट्यावर हरभरे, परत गप्पा.

तिकडं साताऱ्यात माझी चिलटं. केळ्याच्या सालीवर घोंघावतात तीच, निराळी काही नाहीत. आम्ही त्यांच्यासाठी रवा, गूळ आणि यीस्ट शिजवायचो. शिऱ्यासारखा वास सुटायचा आणि वर्गातल्या पोरींना भूक लागायची. उन्हाळ्यात ती पटापटा मरतात, म्हणून बाटल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायच्या. चिलटाचे डोळे लालभडक असतात. काहींचे पांढरे. हा पांढरा डोळा आई-बापाकडून पोरांमध्ये कसा उतरतो ते मोजायचं, हा माझा प्रोजेक्ट. भुलीचं औषध दिलं की ती आडवी होतात, मग सूक्ष्मदर्शकाखाली कुंचल्यानं नर एकीकडं, मादी एकीकडं करायची, आणि डोळे बघायचे.

एका बाटलीत आई लाल डोळ्यांची होती आणि बापही लाल डोळ्यांचा. पोरी सगळ्या लाल डोळ्यांच्या निघाल्या. पोरांमध्ये मात्र साधारण निम्मी लाल, निम्मी पांढरी. पुस्तकात वाचलेलं होतंच, पण कुंचल्याच्या टोकाशी बघितलं तेव्हा माझा हात थांबला. आईकडं डोळ्याच्या रंगाच्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते, म्हणून तिचे डोळे चांगले. पोराला आईकडून एकच मिळते. बिघडलेली आली तर संपलं, कारण बापाकडून पोराला ती येतच नाही. आपल्या माणसांतही लाल-हिरव्याचं असंच. म्हणजे आबांचं खरंच होतं. त्यांच्या घराण्यात नव्हतंच ते. ते आईकडून आलं होतं.

हे मी घरी सांगितलं नाही, आणि का नाही ते कुणी विचारू नये. मी पहिली मुलगी झाले तेव्हा आजीनं आईशी बोलणं टाकलं होतं. मुलगा की मुलगी हे तर उघड उघड बापाकडून ठरतं. जिथं आईचा काडीचा संबंध नाही तिथं ही गत, मग जिथं शास्त्रच तिच्याकडं बोट दाखवतंय तिथं काय झालं असतं? आबा वाईट माणूस नाहीत. पण त्यांना कुणाला तरी धारेवर धरल्याशिवाय दुःख करता येत नाही.

दुसऱ्या भरतीच्या थोडं आधी आई साताऱ्याला आली, दाढ काढायला. दवाखान्यातून थेट माझ्याकडं प्रयोगशाळेत. एक गाल सुजलेला, तोंडात कापूस. मॅडमनी तिला स्टूल दिलं. ती इकडंतिकडं बघत म्हणाली, "दाव की तुजी चिलटं. तुजं आबा लय हसत्यात त्यांना." मी सूक्ष्मदर्शकाखाली पोरं ठेवली आणि तिला डोळा लावायला शिकवलं. बराच वेळ तिला काही दिसेना, आणि मग एकदम, "आगं बया! ह्यांचं डोळं पांढरं!"

"हो."

"आन ही लाल डोळ्यांची कोण?"

"त्यांचेच भाऊ."

"आई कशी हाय ह्यांची?"

"लाल डोळ्यांची. चांगली."

"बाप?"

"तोही चांगला."

"मग कुटनं आलं?"

मी म्हटलं, "असंच येतं गं कधी कधी." ती सूक्ष्मदर्शकावरून उठली. माझ्याकडं बघत राहिली, आणि ती माझी आई आहे, मी खोटं बोलले की तिला पाठमोरीसुद्धा कळतं. "आईकडनं आलं न्हवं?" म्हणाली.

मी कुंचल्यानं चिलटं गोळा करायला लागले.

"तिला ठाऊक नसतंय का?"

"कसं ठाऊक असणार? तिला स्वतःला सगळं नीट दिसतं."

"एकाद्या भावाला असंल की तिच्या," आई म्हणाली.

 वाईचा मामा. तिचा सख्खा भाऊ, ज्याला मी लहानपणापासून ओळखते, ज्याच्या बाइकवर बसून घाटावर हिंडलेय. त्याला सिग्नलचा दिवा कुठला लागला ते कळत नाही, तो वरचा की खालचा ते बघून गाडी थांबवतो, हे आईनं मला तिथं त्या स्टुलावर बसून सांगितलं. माझ्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. मामाला फौजेत जायचं नव्हतं, त्यामुळं त्याचं काही अडलं नाही, नि कुणी विचारलंही नाही.

मग तिनं विचारलं, "तुज्यात असंल?"

"अर्ध्या मुलींमध्ये असतं. वरून कळत नाही."

ती सुजलेल्या गालावर हात ठेवून बसून राहिली. मला तिला कुशीत घ्यावंसं वाटलं, पण मॅडम तिथंच होत्या. निघताना एवढंच म्हणाली, "घरी काय बोलू नको." मी म्हटलं, नाही बोलणार.

दुसरी भरती आली. लेखी झाली, मैदान झालं. मैदानात भाऊ पहिल्या घोळक्यात आला. आबांनी सगळ्या गावाला फोन केले. मेडिकलच्या दिवशी आबा त्याच्याबरोबर गेले आणि गेटबाहेर इतर बापांबरोबर उभे राहिले. मी घरी गेले होते, आईजवळ. ती सकाळपासून एका जागी बसत नव्हती. झाडलेलंच परत झाडत होती.

आत काय झालं ते भावानं मला नंतर सांगितलं. डॉक्टर भला माणूस होता, हिंदी बोलणारा. पुस्तक उघडलं. ह्यानं टाचा जुळवल्या आणि खणखणीत आवाजात आकडा सांगितला. दुसरं पान, आकडा. तिसरं पान, आकडा. डॉक्टर मान हलवत होता. ह्याला वाटलं, झालं, निघालो. आणि मग दोन पानं एकमेकांना चिकटून एकदम उलटली. भावाच्या तोंडातून मधल्या, न उघडलेल्या पानाचा आकडा बाहेर पडला. विचार करायचा नव्हता ना. थांबायचं नव्हतं ना. तोंड डोळ्यांच्या पुढं पळालं. खूण बघायला वेळ घेतला असता, फक्त एक श्वास, तर तेही पान त्याला येत होतं.

डॉक्टरनं पुस्तक मिटलं. रागावला नाही. "बेटा, कब से याद कर रहे हो?" म्हणाला.  मग डॉक्टरनं पडदा ओढून अंधार केला आणि एक छोटा दिवा लावला. "ये कौन-सी बत्ती है?" त्या दिव्याला कोपरा नव्हता, मोठा ठिपका नव्हता, खूण नव्हती. भाऊ म्हणाला, "लाल, सर." डॉक्टरनं दिवा बदलला. "हरी, सर." परत बदलला. तो अंदाजानं सांगत राहिला आणि डॉक्टर हळूहळू बोलायचा बंद झाला. "सर, एक बार और," भाऊ म्हणाला. डॉक्टरनं त्याला आणखी एकदा दिलं. मग पडदा उघडला आणि कागदावर लिहिलं.

दोघं संध्याकाळी घरी आले. भाऊ दारातच बसला, बूट न काढता. आबा उभेच. वाटेत ते एक शब्द बोलले नव्हते म्हणे, ते सगळं त्यांनी घरात येऊन काढलं.

"पाट हुतं सगळं! घरात एक चूक करत न्हवता! मग तितंच कशी केली? ह्याला जायाचंच न्हवतं. भ्यालाय ह्यो. नाटक हाय समदं, दिवा दिसत न्हाई म्हनं. दिवा कुणाला दिसत न्हाई?"

"आबा, मला खरंच..." भाऊ म्हणाला.

"गप! एवडी वर्सं मागं सायकल हाणली मी तुज्या. कशापायी?" आणि मग ते माझ्याकडं वळले. "तू शिकलीस न्हवं ह्यातलं? सांग. माज्या बापाला हुतं का? मला हाय का? न्हाई न्हवं? मग ह्याला कुटनं आलं? सांग, का ह्यो सोंग करतोय?"

 असंच येतं म्हणावं, तर पोरगा भित्रा आणि सोंगाड्या ठरतो. खरं सांगावं, तर आई. मी भावाकडं बघितलं. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. नापास झाल्याचं दुःख नव्हतं आता तिथं. आबांनी त्याला भ्यालाय म्हटलं होतं. "आबा, ते..." मी सुरुवात केली, आणि पुढं काय म्हणणार होते ते मला आजही ठाऊक नाही.

"माज्याकडनं आलंय," आई म्हणाली.

ती चुलीपुढून उठून दारात आली होती, हाताला पीठ. "माज्या भावाला हाय. माज्याकडनं आलं ह्याला. पोरानं सोंग केलं न्हाई. त्याला दिसत न्हाई, आवं. खरंच दिसत न्हाई त्याला."

आबा खाली बसले.  मला वाटलं आता फुटणार, आता तिच्या माहेराचा उद्धार होणार. पण त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, "कवापास्नं ठाऊक हाय तुला?"

"ल्हान हुता तवापास्नं. पिकलेलं टमाटं तोडून आण म्हटलं, तर पाटीभर कच्चं तोडून आणलं. मी मारलं त्याला. तर रडत म्हणाला, आई, सगळी येकसारकीच हायत. तवा मला माजा भाऊ आठवला." ती पदरानं तोंड पुसायला गेली आणि पीठ गालाला लागलं.

तेव्हा भाऊ बोलला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आई, तुला ठाऊक हुतं. मग मला येवडी वर्सं पळू कशाला दिलंस? पयल्यांदा काडलं तवा तरी सांगायचं हुतंस. म्या दुसरं कायतरी केलं असतं."

आईनं आबांकडं बघितलं नाही. ती फक्त त्याच्याशीच बोलली. "तू पळाय लागलास आन तुजा बाप तुज्याशी बोलाय लागला, बाळा. त्याआदी कवा बोलला हुता का तुज्याशी? सकाळी तुमी दोगं वट्यावर बसून हसायचा. मला ते मोडवलं न्हाई. लय दा तोंडावर आलं. न्हाई मोडवलं."

आबा हे सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता तरी ते उठतील, त्याच्या डोक्यावर हात ठेवतील, निदान "चल, बूट काड" म्हणतील. मी मनातल्या मनात अक्षरशः विनवत होते. ते उठले. त्याच्या शेजारून, त्याला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, बाहेर पडले आणि अंधार पडेपर्यंत आले नाहीत.

ह्याला आता बरेच दिवस झाले. भावानं वडूजला एका दुकानात काम धरलंय. आबा आईला टाकून बोलत नाहीत, माझी भीती फुकटच गेली. भावालाही काही बोलत नाहीत. मी सुट्टीला घरी गेले आणि सगळे जेवायला बसलो, की आबा माझ्याकडं बघून म्हणतात, "त्याला म्हणावं, भाकरी घे आणिक." तो त्यांच्या समोरच बसलेला असतो.